अकरा नंबरची नळी

आमच्या बिरादार सिस्टर कुणाला नमस्कार करत नाहीत. माणूस समोर आला की त्या सरळ त्याचं मनगट धरतात, छातीवर पिनेनं अडकवलेल्या घड्याळाकडे बघतात आणि आकडा सांगतात. लगेच निदान. मी नांदेडहून लातूरच्या आमच्या हॉस्पिटलात लॅब टेक्निशियन म्हणून रुजू झालो, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी मला जिन्यात गाठलं. नाव नाही, गाव नाही.

"अठ्ठ्याण्णव. बायकोला तिकडंच ठेवून आलाव का?"

मी हो म्हणालो.

"घाबरायचं काम न्हाई. खोली बघा आन् घेऊन या तिला."

महिन्याभरानं बायकोला आणलं. सिस्टरांनी पुन्हा माझं मनगट धरलं. या खेपेला एकशे चार भरले. सिस्टर नुसत्या हसल्या.

औशाच्या बसमध्ये कंडक्टरनं तिकिटासाठी हात पुढे केला, तर यांनी तोही धरला होता. "गाडी लेट हाय वाटतं," म्हणाल्या. गाडी खरंच लेट होती. कंडक्टर औशापर्यंत यांच्याच सीटपाशी उभा राहून आपल्या मेहुण्याची तक्रार सांगत होता.

सिस्टर शिरूर अनंतपाळच्या. कपाळाला विभूतीची बारीक रेघ, आवाज दोन वॉर्ड ओलांडून जाणारा. तीस वर्षांची नोकरी, त्यातली बरीच आयसीयूची इन्चार्ज म्हणून. तिथल्या सगळ्या नर्सेस म्हणजे 'माझ्या पोरी'. नाडी हा त्यांच्या शास्त्राचा फक्त पहिला धडा. पोरीनं अंबाडा नेहमीपेक्षा घट्ट बांधला, कोरडे हात पुन्हा धुतले, डब्यातली भाकरी अर्धी परत नेली, की सिस्टरांच्या लेखी ती पोरगी ताणात. मग त्या मेट्रनना सांगत, "हिला दोन दिवस जनरलला टाका. हितं ठेवलाव तर रडंल." मी रिपोर्ट हातात आल्याशिवाय कशावरही विश्वास न ठेवणारा माणूस. तरी कबूल करतो, त्यांचं निदान चुकलेलं मला आठवत नाही.

अशा बाईंच्या राज्यात एक डॉक्टर मॅडम संशोधन करायला आल्या. नर्सेसच्या शरीरात ताणाच्या खुणा सापडतात का, हे त्यांना बघायचं होतं. ताण वाढला की शरीरात कॉर्टिसॉल नावाचं रसायन वाढतं आणि ते लाळेतही उतरतं. म्हणून प्रत्येकीनं सकाळी उठल्याबरोबर, चूळसुद्धा न भरता, एका नळीत लाळ गोळा करायची. उठल्याची वेळ चिठ्ठीवर लिहायची आणि नळी माझ्याकडे लॅबमध्ये द्यायची. नळीवर नाव नाही, फक्त नंबर; कुणाचा कुठला याची यादी मॅडमकडे आणि माझ्याकडे.

सिस्टर हे ऐकून खो खो हसल्या. "एवढ्यासाठी मशीन? माझ्या पोरींचं मला विचारा की!"

"सिस्टर, तुम्हीही एक नळी द्या ना," मॅडम म्हणाल्या.

"माझ्या थुंकीत काय घावणार? मशीन बंद पडंल तुमचं. मला टेन्शन येत न्हाई, मॅडम. टेन्शनला माझं टेन्शन येतं."

पोरींना मात्र लाळ येईना. उठल्या उठल्या घशाला कोरड. सिस्टरांनी हुकूम काढला, "चिंचेचं नाव घ्या! कच्ची कैरी डोळ्यापुढं आणा!" कामाला लागलं. नळ्या भरून यायला लागल्या.

पण हॉस्पिटलात बातमी पसरायला वेळ लागत नाही. 'ज्यांचा आकडा जास्त, त्यांना आयसीयूतून काढणार' असं कुणीतरी म्हणालं आणि वैशाली नावाची पोरगी पांढरीफटक पडली. ती उमरीची, कंत्राटी, कामाला अतिशय चांगली. कंत्राट वाढवायचं की नाही हे पुढच्याच महिन्यात ठरायचं होतं. मॅडमनी शपथा घेऊन सांगितलं की आकडे प्रशासनाकडे जाणार नाहीत. पोरीला ते पटेना.

तिची अकरा नंबरची नळी दुसऱ्या दिवशी वेळेवर आली. चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'पहाटे ४.२७'. वैशाली कायम ओल्या केसांनी धावत ड्युटीवर पोचणारी मुलगी. ती पहाटे साडेचारला उठेल यावर तिच्या आईचाही विश्वास बसला नसता. शिवाय त्या सातच्या आकड्याला मधोमध एक आडवी रेघ होती. असा सात आमच्या हॉस्पिटलात एकच व्यक्ती काढते. मी ओळखलं आणि गप्प बसलो. खरं सांगायचं तर मला मजा वाटली. सिस्टरांची शांत लाळ वैशालीला तारणार, असंच मीही धरून चाललो होतो.

सगळ्या नळ्या तपासल्या. अकरा नंबर सगळ्यांत वर. नुसता वर नाही, बाकीच्यांच्या कितीतरी वर. मी मशीनला दोष दिला, पुन्हा तपासलं. तोच आकडा.

आता मॅडमचा नियम असा होता, की एवढा आकडा आला तर त्या नंबरच्या बाईला बोलावून तब्येत तपासायची. त्यांनी वैशालीला निरोप धाडला. ती मेट्रनच्या समोरच रडायला लागली. मेट्रन घाबरल्या आणि म्हणाल्या, तपासणी होईपर्यंत हिला आयसीयूत नको. म्हणजे अफवा खरी झाली, तीही एकटीसाठीच.

दहा मिनिटांत बिरादार सिस्टर लॅबमध्ये. मॅडम तिथेच बसल्या होत्या.

"ती थुंकी माझी हाय."

मॅडमना काही कळेना. सिस्टरांनी सगळं सांगितलं. नळी मागून घरी नेली, स्वतः भरली, चिठ्ठी स्वतः लिहिली. "म्हटलं माझं कमीच येणार, पोरगी निवांत ऱ्हाईल. तुमच्या मशीननं घोळ घातला."

"मशीन बरोबर आहे, सिस्टर," मी म्हणालो. "दोनदा बघितलंय."

सिस्टर स्टुलावर बसल्या. हॉस्पिटलात त्यांना बसलेलं मी पहिल्यांदाच बघत होतो.

"उठल्या उठल्या काय होतं, सिस्टर?" मॅडमनी हळू विचारलं.

"काय व्हायचंय? जाग आली की एकेक बेड डोळ्यापुढं येतो. पाच नंबरच्या आज्जी असतील का, रातच्या पोरीनं सलाईन बघितली का. मालक होते तवा त्यान्ला सांगत होते. ते म्हनायचे, झोप गं. आता पोरगा बंगळुरूला. त्याला सांगितलं तर म्हणतो नोकरी सोड." पदर सारखा केला. "तुमी माझ्या नावावर लिहा ते. वैशालीला आजच्या आज आत घ्या. आन् पोरींना सांगू नका. त्यांना वाटतं सिस्टरला काय होत न्हाई. त्याच्यावर वॉर्ड चालतो."

मला माझीच लाज वाटली. ज्या बाईनं सगळ्या हॉस्पिटलची मनगटं धरली, तिला 'तुम्ही कशा आहात' एवढं मी कधी विचारलं नव्हतं.

वैशाली दुपारीच आयसीयूत परतली. पुढच्या महिन्यात तिचं कंत्राटही वाढलं. पण सिस्टरांचं गुपित काही गुपित राहिलं नाही, कारण नळी कुणाची हे वैशालीलाच ठाऊक होतं आणि तिच्या पोटात काही राहत नाही. वॉर्ड काही बंद पडला नाही.

परवा सिस्टर लॅबमध्ये आल्या, भलत्याच वैतागलेल्या.

"त्या वैशालीला सांगा, कुलकर्णी, लई त्रास द्यायलीय. रोज पहाटे फोन करती. उठलाव का, काय करायलाव, कोणता बेड आठवला आज. तिला झोपंचं वेड, तरी गजर लावून उठती म्हणं."

"मग उचलू नका ना."

"उचलते की. रविवारी आलाच न्हाई फोन. वाट बघितली, मग मीच लावला. म्हटलं, चुकून लागला गं."

"मग ठेवून दिला?"

"न्हाई. पाऊण तास बोललो."