पिंपातला उसासा

"पिंपानं उसासा टाकला," सासूबाई म्हणाल्या, आणि हातातला कप हातातच राहिला.

वारलेल्या मामंजींची खाट जिथे असे, तिथे आता ते निळं पिंप उभं होतं. गायीचा चारा संपला होता, शनिवारी व्यापारी तिला न्यायला येणार होता. म्हणून सुनेनं तळ्यावरची जलपर्णी ओढून काढली, उन्हात सुकवली, चिरली, उसाची गोड मळी शिंपडून पायांनी पिंपात दाबली आणि झाकण आवळलं. मुरलेलं गायीनं खाल्लं तर गाय घरात राहणार होती.

"आई, आत पाला मुरतोय. झाकणातून वारा सुटतो."

"वारा? जेवण झालं की हे अस्संच करायचे!"

तिन्हीसांजेला पिंप पुन्हा उसासलं. हूंऽऽ. लांब, ओलं, तळ्याच्या तळातून वर आल्यासारखं. सुनेनं वळून पाहिलं. तो उसासा तिच्याही ओळखीचा होता.

मग सासूबाई पिंपापाशीच बसू लागल्या. "अहो, यंदा छप्पर शाकारायचं ना?"

"हूंऽऽ."

शेजारीण धावत आली. "माझी कोंबडी कुठं गेली, तेवढं विचारा ना!"

पिंप गप्प.

"परक्यांशी ते बोलत नाहीत," सासूबाई अभिमानानं म्हणाल्या.

त्यांचा मुलगा पाना घेऊन झाकण उघडायला गेला. पिंप उसासलं. त्यानं पाना झटकन पाठीमागे लपवला. "काही नाही बाबा, सहज आलो होतो."

"बापाला गायीपुढं घालतोस?" सासूबाई कडाडल्या. झाकणाला हात लावायची कुणाची छाती होईना.

शनिवारी पिंप बोलेना. सासूबाईंनी हाका मारल्या, थोपटलं, कान लावला. काहीच नाही. "अगं, गुदमरले असतील! उघड, उघड लवकर!"

सुनेनं झाकण काढलं. आंबटगोड वास खोलीभर पसरला. सासूबाई तळापर्यंत वाकून पाहत राहिल्या. आत नुसता शेवाळी पाला.

"गेले," त्या हळूच म्हणाल्या.

तेवढ्यात दावं तोडून आलेल्या गायीनं पिंपात तोंड घातलं. ती खात राहिली, खातच राहिली. अंगणात व्यापारी दोरी घेऊन उभा होता. शेवटी गायीनं मान वर केली, डोळे मिटले.

"हूंऽऽ."

मग सासूबाईंनी केस सारखे केले आणि व्यापाऱ्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. "न्यायचं तर आधी त्यांना विचारा."

व्यापाऱ्यानं घाम पुसला. हात जोडले. "काका... नेऊ का?"

गाय त्याच्याकडे टक लावून पाहत राहिली.

"परक्यांशी ते बोलत नाहीत हो," कुंपणावरून शेजारीण म्हणाली.