अडतीस इंचांचा डोळा

"जवळचं हवं की लांबचं?" डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

एल्वुड राउखने बायकोकडे पाहिलं. अवघड प्रश्न आला की तो आर्लीनकडे पाही, ही लग्नापासूनची खोड.

"माझ्याकडे काय बघतोस? डोळा तुझा आहे," आर्लीन म्हणाली.

डॉ. ब्रुबेकरबाईंनी पुन्हा एकदा समजावून सांगितलं. उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढायचा आणि तिथे छोटंसं भिंग बसवायचं. भिंग एकाच अंतरावरचं स्वच्छ दाखवणार. लांबचं घेतलं तर वाचायला चष्मा, जवळचं घेतलं तर लांब बघायला चष्मा. डाव्या डोळ्याचं पुढे उन्हाळ्यात बघू.

"दोन्ही दाखवणारं नाही का?"

"असतं. पण दिव्यांभोवती कडी दिसतात, आणि महाग पडतं."

"नको मग. ते म्हणजे दुर्बीणच झाली की!"

दुर्बीण म्हटल्याबरोबर आर्लीनने मोठा उसासा सोडला. डॉक्टरीणबाईंना त्याचं कारण माहीत नव्हतं, पण पेनसिल्व्हेनियाच्या त्या डोंगराळ भागात बाकी सगळ्यांना माहीत होतं. एल्वुड आणि त्याचे दोस्त मिळून सहा जण. नाताळच्या दुसऱ्या दिवशी सगळे डोंगरातल्या लाकडी खोपीत जमायचे आणि गारगोटीच्या ठिणगीवर उडणाऱ्या जुन्या वळणाच्या बंदुका घेऊन हरणाच्या शिकारीला निघायचे. या बंदुकांवर दुर्बीण लावायला सरकारची बंदी. क्लेअर हमेल नावाचा दोस्त दर वर्षी ठराव मांडायचा, की म्हाताऱ्या शिकाऱ्यांना तरी दुर्बिणीची सूट द्या म्हणून सरकारला कळवू या. एल्वुड दर वर्षी उठून त्याची पिसं काढायचा. तीन हात ठरावाच्या बाजूने, तीन विरुद्ध. ठराव अडकायचा आणि सगळे झोपायला जायचे.

एल्वुडचं भाषण सगळ्यांना तोंडपाठ होतं. "माझ्या आजोबांनी दुर्बीण लावली होती का? डोळा, माशी आणि हरीण! मध्ये काच आली की ती शिकार नाही, फसवणूक आहे! ज्याला माशी दिसत नाही त्याने मुकाट्याने सूप ढवळावं!"

माशी म्हणजे बंदुकीच्या नळीच्या टोकावरचा तो इवलासा उंचवटा, नेम धरायचा तो. आणि सूप ढवळावं हे नुसतं बोलणं नव्हतं. बिचाऱ्या विल्मरची नजर गेली तेव्हा एल्वुडने याच शब्दांत त्याला खोपीतल्या चुलीपाशी धाडला होता. या सातव्या माणसाने निमूटपणे कैक वर्षं सूप ढवळलं आणि ठरावाला कधी हात वर केला नाही. यंदा तो मुलीकडे फ्लोरिडाला निघून गेला होता. चुलीची जागा रिकामी होती, आणि एल्वुडला गेल्या हिवाळ्यात एकीच्या जागी दोन माश्या दिसल्या होत्या. यंदा तर एकही दिसेना. थोरल्या खडकावरची शिकारीची सगळ्यात मोक्याची जागा आजवर त्याची होती. ती जाणार आणि गळ्यात एप्रन येणार, या धास्तीने त्याला रात्र रात्र झोप नव्हती. हे एकट्या आर्लीनला ठाऊक होतं, कारण त्याने एकदा टपालपेटीला "गुड मॉर्निंग" म्हटलेलं तिने ऐकलं होतं.

"मला माशी दिसली पाहिजे," एल्वुड म्हणाला. "बंदुकीची. बाकी जगाचं काय व्हायचं ते होवो."

बंदूकवाले रोगी डॉक्टरीणबाईंना नवे नव्हते. त्यांना याचं नवल वाटलं नाही. "डोळ्यापासून किती अंतर?"

"अंतर म्हणजे... एक बंदूक."

"मग घेऊन या. मोजू."

पुढच्या आठवड्यात एल्वुड आजोबांची बंदूक खांद्यावर टाकून दवाखान्यात शिरला. बंदूक उभी केली तर त्याच्या खांद्याला लागेल एवढी लांब. दारातून वाकडी करून आत घ्यावी लागली.

"रिकामी आहे ना?" नोंदणीच्या मुलीने मान वर न करता विचारलं.

"रिकामी आहे. गारगोटीसुद्धा काढून ठेवलीय."

"मग तिकडे छत्र्यांत ठेवा."

एल्वुडने छत्र्यांत बंदूक खोचली, वळला, आणि समोर फर्न हमेल! क्लेअरची बायको. मांडीवर विणकाम, डोळे त्याच्यावर. या बाईला एखादी गोष्ट कळली की गावातल्या वर्तमानपत्राने छापायची तसदी घेऊ नये.

"अय्या, एल्वुड! ही तुझ्या आजोबांची ना? इथे कशाला आणलीस?"

चोराच्या मनात चांदणं. मोतीबिंदू हा शब्द तोंडातून निघाला असता तर संध्याकाळपर्यंत एप्रन शिवून तयार झाला असता. एल्वुडला जे पहिलं सुचलं ते तो बोलून गेला. "डॉक्टरीणबाईंना दाखवायला. त्यांना हौस आहे जुन्या बंदुकांची."

फर्नच्या सुया थांबल्या. "विकतोयस?"

"बघू," एल्वुड म्हणाला, आणि तेवढ्यात त्याचं नाव पुकारलं म्हणून सुटकेचा श्वास टाकून आत पळाला. फर्न स्वतः तिथे कशाला बसली होती, हे विचारायचं त्याच्या डोक्यातच आलं नाही.

आत त्याने भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्यावर नेम धरला. बाईंनी शिवणाच्या टेपने त्याच्या डोळ्यापासून माशीपर्यंत मोजलं. भरले अडतीस इंच.

"लांबचं जरा धूसर राहील हं, मिस्टर राउख. त्यासाठी चष्मा देईन."

"चष्मा घातला तर माशी?"

"माशी परत धूसर."

"मग चष्मा नको."

"आणि हरीण?"

"हरीण मोठं असतं हो," एल्वुड म्हणाला. त्याला वाटलं, आपण फार हुशारीचं बोललो.

त्याच संध्याकाळी फोन वाजला. खोपीचा कारभारी महलन वेंगर होता. "ऐकलं रे. वाईट वाटलं. पण कधी ना कधी थांबावंच लागतं."

"कशाचं वाईट वाटलं?"

"असू दे, असू दे. नको बोलू," म्हणून महलनने जड आवाजात फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी शेजारीण मयताच्या घरी नेतात तसला झाकलेला मोठा वाडगा घेऊन आली. तिसऱ्या दिवशी शेजारच्या गावचा एक जुन्या वस्तूंचा व्यापारी दारात उभा राहिला आणि म्हणाला, डॉक्टरीणबाई देतात त्यापेक्षा मी जास्त देतो. एल्वुडने त्याला हाकलला. त्यावर गावात बातमी पसरली, की व्यवहार पक्का झालाय, म्हणूनच तो दुसऱ्याशी बोलत नाही. पुढे ऑपरेशन झालं आणि डोळ्यावर झाकण असल्यामुळे एल्वुड घराबाहेर पडेना, तेव्हा लोक म्हणाले, बंदुकीच्या दुःखाने अंथरूण धरलं.

"खरं काय ते सांगून टाक ना एकदाचं," आर्लीन म्हणाली.

"काय सांगू? काच नको, काच नको म्हणून बोंबलत होता, त्याने काच डोळ्यातच घालून घेतली, असं सांगू? जन्मभर हसतील मला!"

"आणि आता काय करताहेत? रडताहेत. ते बरं आहे का?"

झाकण निघालं त्या दिवशी त्याने स्वयंपाकघरात बंदूक खांद्याला लावली आणि माशी दिसली. एकच. काठोकाठ स्पष्ट, तिच्यावरचा ओरखडासुद्धा! त्या आनंदात तो आर्लीनला म्हणाला, "आणि कपाटावर धूळ केवढी आहे गं!" बाकीचा दिवस दोघं बोलली नाहीत.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी उजाडताना तो खोपीवर पोचला. बंदूक घोंगडीत गुंडाळलेली. आत पाऊल टाकलं तर पाचही जण टोप्या काढून उभे. टेबलावर घडी घातलेला एक पांढरा एप्रन, त्यावर निळ्या धाग्याने भरलेलं नाव: एल्वुड.

"फर्नने भरलाय," क्लेअर हमेल म्हणाला. "आपली भांडणं झाली, एल्वुड. पण तुझ्यासारखा नेमबाज मी पाहिला नाही. बंदूक गेली म्हणून तू जायचं नाहीस. चूल तुझी. आणि थोरल्या खडकावर... खडकावर आज मी बसेन. तुझ्या नावाने."

मेलेल्या माणसाबद्दल बोलावं तसं सगळं ऐकून घेताना एल्वुडचा संताप संताप झाला. त्याने घोंगडी फेकली आणि बंदूक टेबलावर आदळली.

"विकली नाही मी! कोणी सांगितलं विकली?"

"मग डॉक्टरकडे कशाला नेली होतीस?" महलनने विचारलं.

आता धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. एल्वुडने टोपी काढली. "मोतीबिंदू होता. भिंग बसवलंय. माशीच्या अंतराचं. अडतीस इंच."

एक जण हळूच म्हणाला, "म्हणजे हा दुर्बीण डोक्यातच घालून आला!"

"दुर्बीण नाही! दुर्बीण बंदुकीवर असते. माझ्या बंदुकीवर काय आहे? दाखव!"

"बंदूक आजोबांच्या काळातली आणि डोळा मात्र यंदाचा, होय?" महलन म्हणाला. "मध्ये काच आली की फसवणूक, हे कोण म्हणत होतं रे?" सगळे पोट धरधरून हसायला लागले. फक्त क्लेअर हसत नव्हता. तो खिडकीबाहेर बघत होता, आणि बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

महलन कारभारी उगीच नव्हता. "क्लेअर, तुझी फर्न त्या दवाखान्यात कशाला बसली होती रे?"

क्लेअरचे कान लाल झाले. "माझी वाट बघत. मी आत होतो."

"तुझाही मोतीबिंदू?"

"लांबचं घेतलं मी. समोरच्या डोंगरावरचं झाड न् झाड दिसतं. माशी तेवढी दिसत नाही."

आता मात्र महलनने कपाळाला हात लावला. "एकाला हरीण दिसतं, एकाला माशी दिसते. दोघं मिळून एक धड शिकारी होताय. जा, दोघेही बसा खडकावर! सुपाचं नंतर बघू."

बाकीचे चौघे आरोळ्या ठोकून हरणं वर हुसकवायला खालच्या रानात उतरले. एल्वुड आणि क्लेअर थोरल्या खडकावर एकमेकांना टेकून बसले. थंडी कडाक्याची होती. थोड्या वेळाने खालून आरोळ्या ऐकू येऊ लागल्या आणि क्लेअरने त्याला कोपराने ढोसलं.

"आली. मादी आहे. ओकच्या डावीकडे."

एल्वुडने बंदूक खांद्याला लावली. माशी झकास दिसत होती. तिच्यापलीकडे सगळं तपकिरी होतं. तपकिरी झाडं, तपकिरी पाला आणि कुठेतरी तपकिरी हरीण.

"कुठला ओक?" तो कुजबुजला.

"तो समोरचा! एवढा थोरला!"

"तिथे हललं ते काय?"

"ते झुडूप. तू नको. दे, मी मारतो."

"तुला माशी दिसत नाही."

"आणि तुला हरीण दिसत नाही! तू नुसती माशी मारणार आहेस का?"

"तू सांग, मी मारतो."

"हाकारे खाली आहेत, एल्वुड. न दिसणाऱ्या माणसाने बार टाकायचा नसतो. हे तूच शिकवलंस मला."

एल्वुडने बंदूक खाली घेतली. एवढं त्याला कळत होतं. मादीने उभं राहून दोन म्हाताऱ्यांचं भांडण शांतपणे ऐकलं आणि शेपूट उडवून ती निघून गेली. तेसुद्धा क्लेअरनेच त्याला सांगितलं.

उतरताना एल्वुडच्या तोंडून निघून गेलं, "नळीवर दुर्बीण असती तर..." आणि त्याने जीभ चावली.

"दुर्बीण कशाला?" क्लेअर म्हणाला. "सराव पाहिजे, सराव. मला आता सगळं दिसतंय. माशीचं काय, ती सवयीने सापडते."

खोपीत चूल विझली होती. चौघं गारठून, उपाशी परत आले होते आणि सूप टाकायचं काम एकमेकांवर ढकलत होते. एल्वुडचं मन इतकं खट्टू झालं होतं, की माणसांकडे पाठ करून उभं राहायला चूल बरी वाटली. त्याने जाळ केला, घेवड्याचे दाणे टाकले, हॅमचं हाड टाकलं, कांदा चिरायला घेतला.

आणि काय सांगावं! कांद्याचा पापुद्रा न् पापुद्रा दिसत होता. दाण्याला गेलेली चीर दिसत होती. भांड्याच्या काठावर फेस कुठे उतू येतोय, मिरपूड कुठे पडली, सगळं लखलखीत. त्याने डोळ्यापासून भांड्यापर्यंत हात ताणून अंदाज घेतला. मग एकटाच हसला आणि टेबलावरचा एप्रन गळ्यात अडकवला.

त्या दिवशीचं सूप विल्मरच्या सुपाहून चांगलं झालं, हे पाचही जणांनी कबूल केलं. दुसरा वाडगा झाल्यावर महलनने नेहमीप्रमाणे विचारलं, "चला, तो दुर्बिणीचा ठराव. बाजूने कोण?"

नेहमीचे दोन हात वर गेले. तिसरा गेला, त्यात पळी होती.

"एल्वुड, तू?" महलन बघतच राहिला.

"खडकावर बसून हरीण दिसलं नाही, महलन. फार वाईट वाटलं. उद्या तू तिथे बसशील, तुला तसं वाटू नये."

महलनने मान हलवली. "बरं. म्हणजे चौथा हात क्लेअरचा. पास झाला म्हणायचा एकदाचा!"

पण क्लेअर उठून उभा राहिला होता. दोन्ही हात खिशात.

"माझ्या आजोबांनी दुर्बीण लावली होती का?" तो म्हणाला. "डोळा, माशी आणि हरीण! मध्ये काच आली की ती शिकार नाही."

तीन हात बाजूने, तीन विरुद्ध. महलनने ठराव पुढच्या वर्षावर टाकला आणि वाडगा पुन्हा एल्वुडसमोर धरला.