क. किटली, बस नंबर सहा

खोपोलीजवळच्या एका कारखान्यात १९८७ साली कॉम्प्युटर आला आणि त्याच्याबरोबर पदू ठोंबरे त्या थंडगार खोलीत बसू लागला. पदू कर्जतचा. मुंबईत कोर्स करून आलेला. कँटीनची ताटं मोजणं आणि कामगारांच्या बसची यादी छापणं ही दोन कामं मॅनेजर रेगेसाहेबांनी त्याला दिली. त्याआधी वीस वर्षं ती यादी टाइम ऑफिसचे कोंडाजीकाका हाताने लिहीत.

पदू माणूस काटेकोर. यादीचा प्रोग्रॅम बरोबर चालतो की नाही हे तपासायला त्याने दुसरे चाळीस छोटे प्रोग्रॅम लिहिले. उत्तर आधीच ठाऊक असलेला प्रश्न यंत्राला घालायचा आणि त्याचं उत्तर ताडून बघायचं. पण काही बिघडलं की यंत्र नुसतं ‘चूक’ एवढंच छापे. कुठे, किती, काही नाही. मग पदूने स्वतःचा एक तपासनीस बनवला. त्याचं नाव ठेवलं ‘सारखं’. तो चूक सापडली की सविस्तर सांगे : ताटं दोनशे बारा पाहिजे होती, दोनशे सात आली.

अडचण कँटीनमध्ये आली. तिथला हिशेब अंदाजाचा, आकडा तंतोतंत कधी जुळेना. आचारी जैतूचं म्हणणं, दहा ताटं इकडंतिकडं झाली तर कुणाला कळतही नाय, कुणी ना कुणी उपाशी असतंच. पदूला ते पटलं. त्याने दुसरा तपासनीस लिहिला, ‘जवळपास’. दहापर्यंतचा फरक असेल तर दोन्ही आकडे एकच समजायचे. चाळीसपैकी चाळीस तपासण्या ठीक आल्या पाहिजेत अशी त्याची जिद्द होती, आणि ‘जवळपास’वर त्याचा इतका जीव जडला की सगळ्याच ठिकाणी त्याने ‘सारखं’ काढून तोच बसवला. कागदावर चाळीस वेळा ‘ठीक’ छापून आलं.

बसगाड्या एकूण सहाच होत्या.

यादीच्या प्रोग्रॅममध्ये मोजणी एका आकड्याने सरकली होती. चार नंबरची माणसं पाचात, पाचाची सहात, सहाची एकात. ‘जवळपास’च्या दृष्टीने चार आणि पाच एकच. सोमवारी यादी फाटकावर लागली. यादीबाहेरच्या माणसाला बसमध्ये घेऊ नये, असा साहेबांचा हुकूमही तिच्याशेजारी लागला.

संध्याकाळी पाच नंबरच्या दाराशी पॅकिंगमधल्या सोनुबाई उभ्या राहिल्या.

“नागू, मी कर्जतची हाय रं. ही कोंडाण्याला जाते.”

“यादीत नाव हाय ना? मग बसा,” ड्रायव्हर नागू म्हणाला. “नाय बसलात तर मला लिवून द्यावं लागंल.”

सोनुबाई बसल्या. त्यांच्यामागे पदूही चढला. त्याचंही नाव पाचातच होतं. त्याला वाटलं, रस्ता बदलला असेल, यंत्राने चाळीस वेळा ठीक म्हटलंय. कोंडाण्याला पोचल्यावर नागूने गाडी जागच्या जागी लावली आणि तो जेवायला घरी गेला. कर्जतची तीस माणसं चालत निघाली. वाटेत सोनुबाईंनी पदूला विचारलं की ही यादी कुठल्या गाढवाने केली. पदू म्हणाला, चौकशी करतो.

तिकडे सहा नंबरच्या गाडीतून कोंडाण्याची माणसं कडावच्या वाटेला लागली होती. त्यांच्यातला धाऊ आणि त्याच्याबरोबरचे सातआठ जण त्या गाडीच्या ड्रायव्हरच्या भोवती उभे राहिले, तेव्हा त्याने निम्म्या वाटेतून गाडी वळवली. कडावला त्या दिवशी बस पोचलीच नाही.

मंगळवारी सकाळी रेगेसाहेब कोरा चहा पिऊन आले होते. त्यांनी पदूला समोर उभं करून विचारलं, चार म्हणजे पाच हे कुठल्या शाळेत शिकवतात. पदूने खरं ते सांगितलं. आता बसच्या बाबतीत जमतील तितक्या तपासण्या लिहायच्या, कडक, आणि छापील कागद दुपारी स्वतः आणून द्यायचा, असं साहेबांनी बजावलं.

पदूने चूक दुरुस्त केली, ‘सारखं’ परत जागेवर आणला आणि तिसरा तपासनीस लिहिला, ‘किमान’. वीस माणसं नसतील तर बस सोडायची नाही, हा कारखान्याचाच नियम होता. पाच गाड्या ठीक आल्या. सहाव्या ओळीवर यंत्राने छापलं : बस सहा, कडाव. किमान वीस पाहिजेत, मिळाला एक. नाव, क. किटली.

पदूने हजेरीपुस्तक पाहिलं. किटली कुठल्याच पाळीत नव्हता. तो कागद घेऊन टाइम ऑफिसात गेला.

“काका, हा किटली कोण?”

कोंडाजीकाकांनी चष्मा लावून नाव वाचलं.

“माणूस नाय रं तो. साहेबांच्या दुधाची किटली हाय. कडावची माणसं कवाच शिळफाट्याला ऱ्हायला आली. पन दूध कडावचंच पायजे, सकाळी गाडीच ते आनते. रिकाम्या गाडीवर कुनाचं तरी नाव नको का? जुन्या यादीत मीच लिवलं.”

“आणि क. म्हणजे?”

“कडाव.”

पदू खोलीत परतला. तपासनीस चोख होता. प्रोग्रॅम चोख होता. मग त्याने सहाव्या गाडीपुढचा वीसचा आकडा खोडून तिथे एक घातला आणि यंत्र पुन्हा चालवलं. सगळं ठीक आलं.

रेगेसाहेबांनी कागद ओळीओळीने वाचला. सहाव्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं.

“बाकी सगळीकडे किमान वीस. इथे किमान एक का?”

“साहेब, त्या गाडीला तेवढं पुरतं,” पदू म्हणाला.

साहेबांनी त्याच्याकडे नीट पाहून घेतलं. मग खिशातलं पेन काढून कागदावर सही केली, घंटी वाजवली आणि शिपायाला ठोंबऱ्यांसाठी चहा आणायला सांगितलं.

“दूध जरा जास्त घाल म्हणावं.”