बाबा बसले की अडखळणारं विमान

मुलांनो, डोळ्यांसमोर आणा बरं! एक लांबट, अंधारी शेड. बाहेर ढगाळ, कंटाळवाणी सकाळ. आत एक विमान. खरंखुरं, एका माणसापुरतं, घरी बनवलेलं! बनवलं कोणी? एका सुताराने. कपाटं नि पलंग करून उरलेल्या वेळात, तब्बल नऊ वर्षं!

“येत्या रविवारी उडतोच!” सुताराने अख्ख्या गल्लीला छातीठोकपणे सांगितलं होतं. त्यानंतर सतरा रविवार उलटले. इंजिन सुरू व्हायचं, छान गुरगुरायचं आणि मधेच उचकी लागल्यासारखं फट्... फटफट्! उड्डाणाची परवानगी देणारे सरकारी तपासनीस दोनदा नकारार्थी मान हलवून परत गेले होते. आज तिसरी खेप, आणि शेवटची. आज नापास, तर परवानगीची फाइल कायमची बंद.

“मग मी करवत घेतो आणि याची शेल्फं करतो,” सुतार सकाळीच म्हणाला. बायकोने गुपचूप करवत लपवली.

त्याने काय बदललं नव्हतं? प्लग बदलले. पेट्रोलची नळी बदलली. मदतीला मेहुणा होता. तो रेडिओ दुरुस्त करायचा, म्हणून स्वतःला इंजिनाचाही डॉक्टर समजायचा.

“भावजी, कार्बोरेटर उघडू!”

“तीनदा उघडला.”

“मग चौथ्यांदा उघडू!”

गंमत बघा. दोघे इंजिनापाशी उभे राहिले, की इंजिनाच्या वेगाचा काटा वाचायला सीटवर सुताराची मुलगी बसायची. नऊ वर्षांची, पण इवलीशी. घरात तिला मुंगीच म्हणत. विमानाची शेपूट दोरखंडाने खांबाला बांधलेली, चाकांपुढे ठोकळे. तेव्हा इंजिन कसं, लाडावलेल्या मांजरासारखं घुरघुरायचं! “झालं दुरुस्त!” म्हणत सुतार सीटवर बसला, की फटफट्!

“भावजी, रागावू नका, पण विमानाला तुम्ही आवडत नाही.”

सुतार रागावला नाही. त्याला ते पटलं! हे जास्त वाईट.

तपासनीस आले. अंगाने भारदस्त, चेहरा बंद दुकानासारखा. सुतार सीटवर बसला. मेहुण्याने विमानाच्या नाकावरचा पंखा हाताने फिरवला. इंजिन धडाडलं. एक मिनिट... दोन मिनिटं... सुतार जरा सावरून बसायला गेला मात्र, फट्! फटफट्!

“बंद करा,” तपासनीस म्हणाले आणि त्यांनी पेन खिशात ठेवलं.

सुतार खाली उतरला. नऊ वर्षं एकदम त्याच्या खांद्यांवर येऊन बसली. “इंजिन चांगलं आहे, साहेब. बिघाड माझ्यातच आहे.”

“तुमच्यात काय बिघाड आहे, बाबा?” मुंगीने विचारलं.

“मी बसलो की अडखळतं.”

“मी बसले की नाही अडखळत. मग तुमच्यात नि माझ्यात फरक काय?”

“नशीब!” मेहुणा, म्हणजे तिचा मामा, म्हणाला.

“नाही. वजन!”

मुंगीने शेडभर नजर फिरवली. मामा अगदीच काडीपहिलवान. तिची नजर साहेबांच्या पोटावर थांबली.

“काका, तुमचं वजन किती?”

“मुंगे!” सुतार किंचाळला.

“तुम्ही बसून बघा ना, काका. तुम्ही बसल्यावरही अडखळलं, तर बिघाड बाबांमध्ये नाही!”

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. मग सुताराच्या चेहऱ्याकडे पाहिलं. आणि ते बाटलीत बूच बसावं तसे आत जाऊन बसले! पंखा फिरला, इंजिन सुरू झालं, साहेब जरा हलले आणि, फट्! फटफट्! फटफटफट्! इतकं वाईट ते कधीच अडखळलं नव्हतं!

आणि सुतार हसला! सतरा आठवड्यांत पहिल्यांदा.

इंजिन बंद केलं, पंखा थांबला. मामाने साहेबांना हात दिला. साहेब निघेनात. त्याने दोन्ही हातांनी ओढलं. साहेब अडकले होते!

“ओढू नका!” सीटखालून आवाज आला. मुंगी टॉर्च घेऊन आत शिरली होती. इंजिन बंद करणाऱ्या तारेचं वेष्टण झिजलं होतं. वजन पडलं, की सीटची लोखंडी पट्टी दबून उघड्या तारेला टेकायची, आणि इंजिनाला वाटायचं, आपल्याला थांबायला सांगितलं!

“काका, पाच मिनिटं असेच बसाल? तुम्ही उठलात, की कुठे टेकतं ते दिसणार नाही.”

“पाचच का?” साहेब वरून खिन्नपणे म्हणाले. “तार बदला, पुन्हा चालवून दाखवा. मी कुठे जातोय!”

मुंगीने हात बाहेर काढला, वाकून बघणाऱ्या बाबांच्या कानावरची पेन्सिल ओढून घेतली आणि पट्टी तारेला टेकत होती तिथे एक ठळक फुली मारली.