पाठीला मनाई न्हाई

केरबाआप्पा रोज सकाळी तळ्याला फेरी मारायचे, पण स्वतःच्या चालीनं कधीच नाही. त्यांच्या पुढे बरंच अंतर सोडून एक माणूस चालत असायचा. तो भरभर चालला की आप्पा भरभर, तो रेंगाळला की आप्पाही रेंगाळायचे. चपलेतला खडा काढायला तो थांबला, की आप्पा जागच्या जागी उभे राहून आभाळाकडे बघायचे आणि पावसाचा अंदाज घ्यायचे. ऐन मे महिन्यातसुद्धा.

आप्पा माझे शेजारी. डॉक्टरांनी मला साखरेसाठी चालायला सांगितलं तेव्हापासून आम्ही दोघं बरोबरच निघायचो. म्हणजे मी आप्पांबरोबर, आणि आप्पा त्या पुढच्या माणसाबरोबर.

आमचं तळं मोठं आहे, आणि हिंगोली जिल्ह्यात असं तळं आहे हे हिंगोली जिल्ह्यालाच फारसं माहीत नाही. पाळीवरून, म्हणजे तळ्याच्या बांधावरून, निघायचं, निजामाच्या काळातल्या साहेबाच्या बागेत शिरायचं, चिंचांच्या सावलीतून बाहेर पडायचं आणि पाण्याच्या कडेकडेनं बाभळीतून परत पाळीवर. चढ नाही, उतार नाही. सुरुवातीलाच पाटी आहे, 'सोपी पायवाट. सर्व वयोगटांसाठी.' बागेचा साहेब कोण होता ते कुणालाच ठाऊक नाही. त्याच्या बारादरीच्या मंडपात आता शेळ्या बसतात आणि कारंज्याच्या हौदात गुटख्याच्या पुड्या साठतात. चांगली गोष्ट हाती आली की आमचं गाव तिचं काय करतं, ते बघायला ही बाग पुरेशी आहे. भावाभावांचं काय करतं ते बघायला आप्पांच्या मागं चालावं लागायचं.

कारण तो पुढचा माणूस म्हणजे मारोती, आप्पांचा सख्खा धाकटा भाऊ. दोघांच्या शेताच्या मधल्या बांधावर, धुऱ्यावर, एक बाभूळ होती. मारोतीनं ती न विचारता तोडली. बस, एवढंच. माणसं याहून मोठ्या गोष्टी गिळून बसतात. पण आप्पांनी गावच्या देवळापुढे चार लोकांत हात वर करून सांगितलं, "आजपासून याचं तोंड पाहनार न्हाई. मायची आन!" चार लोकांपैकी एकानंही हात खाली ओढला नाही. उलट दोघांनी, "बराबर हाये आप्पा," म्हणून भर घातली. फुकटचा तमाशा कुणाला नको असतो?

पुढच्याच आठवड्यात आप्पांना शपथेतली फट सापडली.

"तोंड पाहनार न्हाई म्हन्लो मी," त्यांनी मला समजावलं होतं. "पाठ पाहनार न्हाई असं कुठं म्हन्लो? पाठीला मनाई न्हाई."

तेव्हापासून बारा वर्षं हे भावाच्या पाठीमागे. मी एकदा म्हणालो, "आप्पा, ऊन डोळ्यावर येतं, आज उलटी फेरी मारू." आप्पा माझ्यावर असे उखडले की विचारू नका. "उलटं गेलो तर तोंडावर तोंड यील ना! सायेब, तुमी शिकलेले का काय?"

त्या पाठीचा त्यांचा अभ्यास दांडगा होता. "सदऱ्याला इस्त्री न्हाई. बायको माहेराला गेली." "आज डावा पाय टाकून राहिला. काटा मोडला असंल." अंदाज निम्मे चुकायचे. मारोतीची बायको घरीच असायची, आणि पाय वगैरे काही नाही, नवी चप्पल चावत असायची. पण आप्पा माघार घेत नसत. मारोती डोक्याला कायम पांढरा रुमाल बांधायचा आणि छाती काढून चालायचा. ते बघून आप्पा रोज न चुकता म्हणायचे, "पाह्यलं? पाठ कशी ताठ हाये. अजून पोरगंच हाये ते." आवाजात कौतुक आलंय असं वाटलं की लगेच पुढे जोडायचे, "नालायक!"

लेकीच्या लग्नाची पत्रिका मारोतीनं रीतीप्रमाणे पाठवली. आप्पा गेले. मांडवात मात्र शिरले नाहीत. मागच्या बाजूला, आचाऱ्यांच्या कढयांजवळ उभे राहिले आणि तिथून ताकदीनं अक्षता फेकल्या. निम्म्या वरणात पडल्या. जेवायला थांबले नाहीत. घरी येऊन मला म्हणाले, "लेकरू चांगलं दिसत होतं. बाप मधी उभा होता, त्याच्या खांद्यावरून पाह्यलं."

आणि एकदा तर कहर झाला. साहेबाच्या बागेपुढे मारोती काहीतरी विसरल्यासारखा अचानक थांबला आणि वळला. आप्पांनी इकडे पाहिलं नाही, तिकडे पाहिलं नाही, सरळ वाटेच्या कडेच्या बेशरमाच्या झुडपांत उडी टाकली. झुडपांखाली चिखल होता. मारोती घाईघाईनं परत फिरला आणि निघून गेला. मी आप्पांना काखेत हात घालून बाहेर काढलं. धोतर गुडघ्यापर्यंत काळं, कोपर सोललेलं, आणि वर मलाच प्रश्न, "पाह्यलं तर न्हाई ना त्यानं मला?"

त्या दिवशी मी फार चिडलो. सर्व वयोगटांसाठी सोप्या असलेल्या वाटेवर हा सत्तरी ओलांडलेला माणूस चिखलात बसलेला. मी म्हणालो, "आप्पा, किती दिवस चालायचं हे? एकदा बोलून टाका."

आप्पा धोतर पिळत राहिले. मग हळूच म्हणाले, "त्यानं एक हाक मारावी. लई न्हाई. नुसतं 'दादा' म्हनावं. मागं न पाहता म्हनलं तरी चालंल. मी ओ देतो का न्हाई पाहा."

एवढीच अट असेल तर काम सोपं आहे असं मला वाटलं. त्याच संध्याकाळी मी मारोतीच्या घरी गेलो. मारोती ओसरीवर बसला होता. मी विचारलं, "दादा तुमच्या मागं चालतात, माहीत आहे का?"

"माहीत न्हाई व्हय?" तो म्हणाला. "म्हनून तर हळू चालतो. त्याचे गुडघे दुखतात. लहानपनापासून त्याला दम न्हाई, अन् सांगतबी न्हाई."

"मग मागं वळा की एकदा."

"वळलो होतो ना आज. कसा पडला ते पाह्यलं तुमी. हाडबिड मोडलं असतं म्हंजे? आता न्हाई वळत."

"वळू नका. नुसती हाक मारा. ओ देतो म्हणालेत."

मारोतीनं दाराकडे पाहिलं. त्याची बायको दारात येऊन उभी राहिली होती. तीही त्याच्याकडे बघत होती.

"अन् न्हाई दिली तर?" तो म्हणाला. "आता कसं हाये, दादा मागं हाये हे मला ठावं हाये. हाक मारली, अन् त्यानं ओ दिली न्हाई, तर उद्यापासून तेबी गेलं. कशाला मारू हाक?"

मी आप्पांना हे जसंच्या तसं सांगितलं. ऐकून ते एकदम उसळले, "तो माझ्यासाठी हळू चालतो? अरे, तो हळू चालतो म्हनून मी हळू चालून राहिलो! हळू चालायची तकलीफ मला हाये!" नंतर घरात गेले, आणि त्या रात्री पुन्हा बाहेर आले नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पुढे पांढरा रुमाल, मागे आप्पा, त्यांच्या मागे मी. दोन माणसांच्या मध्ये हाकेचं अंतर होतं आणि हाक नव्हती. खरं सांगतो, त्या वाटेवर मला त्या दोघांचा जेवढा राग आला तेवढा उभ्या आयुष्यात कुणाचा आला नाही. असं वाटायचं, एकाला धरून दुसऱ्यावर ढकलून द्यावं.

मग उन्हाळ्याच्या तोंडाशी, हळद शिजवायच्या दिवसांत, एका सकाळी पाळीवर पांढरा रुमाल दिसला नाही. आप्पा पाटीपाशी उभे. ऊन वर आलं, तरी उभेच.

"चला, निघू या," मी म्हणालो.

"कोनाच्या मागं?" आप्पांनी विचारलं.

 तेवढ्यात दूधवाला सायकल हातात धरून पाळीवर चढला. आमच्याजवळ आल्यावर त्यानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे बघत सांगितलं. मारोती पहाटे झोपेतच गेला होता.

आप्पा तसेच मारोतीच्या घराकडे निघाले. मी मागून. या वेळी मात्र ते त्यांच्या स्वतःच्या चालीनं चालले, आणि मारोतीचं म्हणणं खरं होतं. त्यांना दम नव्हता. दोनदा भिंतीला धरून थांबले.

अंगणात गर्दी होती. देवळापुढे "बराबर हाये" म्हणणाऱ्यांपैकी एक जण पुढेच उभा होता. आप्पा येताच लोक बाजूला झाले. दुःखानं झाले म्हणावं तर तसं नाही. हा आता तोंड बघतो का नाही, ते सगळ्यांना नीट दिसायला हवं होतं. आप्पा खाली मान घालून मारोतीच्या पायाशी जाऊन उभे राहिले आणि पायांकडेच बघत राहिले.

तो 'बराबर हाये'वाला म्हणाला, "पाहून घ्या आप्पा. आता कसली आन अन् कसली शपथ."

आप्पा हलले नाहीत. शेवटी मारोतीची बायको उठली. "दादा," ती म्हणाली, "तुमची वाट पाहून राहिले ते." आणि तिनं चेहऱ्यावरचं कापड बाजूला केलं.

आप्पांनी मान वर केली. रुमाल नव्हता, डोक्यावर केस उरले नव्हते. दात गेल्यामुळे गालात खड्डे पडले होते. आप्पा पुढे गेले, वाकले, पुन्हा मागे सरकले. घर चुकलेल्या माणसासारखे त्यांनी इकडे तिकडे, भावजयीकडे, माझ्याकडे पाहिलं.

"हा मारोती हाये?"

 आप्पा त्याच्या उशाशी खाली बसले आणि त्या गालांवरून हात फिरवायला लागले.

"इतका म्हातारा कवा झाला रे तू?" ते म्हणाले. "पाठीवरून कळलंच न्हाई मला."