‘पुराना’ हेडरचा सत्कार

हिंदी मुलखात, तुकोगंजमधल्या एका कंपनीत प्रोग्रॅममध्ये भर घालायला कोणाची ना नव्हती. फक्त काही काढायचे नाही, असा रिवाज होता. ऋजुता सांगलीहून नवीन आलेली, तिला तो कोणी सांगितला नाही.

रुग्णवाहिकांना निरोप पोचवणारा सर्व्हर तिच्याकडे होता. निरोप अर्धवट पोचत होते. ते नीट पोचले तर तिची नोकरी पक्की होणार होती. सी भाषेत प्रत्येक फाइलने आपल्याला लागणारे सामान हेडर फाइलींमधून स्वतः मागवायचे असते. इथे सगळ्यांनी मिळून ‘सबकुछ’ नावाचे एकच हेडर मागवले होते. त्याच्या पोटात कॅन्टीनच्या कूपनांपासून सगळे होते, आणि निरोपाची कमाल लांबी सांगणारी दोन हेडरेही होती. ‘नया’ मोठी लांबी सांगे, ‘पुराना’ छोटी. अर्धा सर्व्हर एकाचे ऐके, अर्धा दुसऱ्याचे.

ऋजुताने ‘पुराना’ काढून टाकले. क्षणात सगळा प्रोग्रॅम बोंबलू लागला.

“अरे भिया, माझं तर पूरा मॉड्यूलच बैठून गेलं!” शेजारचा यशवर्धन ओरडला. नेटवर्कचे सामान त्याने जन्मात कधी मागवले नव्हते. ते ‘पुराना’च्या मागून फुकट येत होते.

“मग तुझ्या फाइलीत तू स्वतः मागव ना. एका ओळीचं काम आहे.”

“मी कशाला? आजतक आपोआप येत होतं ना!”

व्यवस्थापक सुधाकरजींनी तिला केबिनमध्ये बोलावले. “देखो ऋजुताजी, ते हेडर अप्पासाहेबांनी लिहिलेलं आहे. अप्पासाहेब रिटायर झाले, हेडर नाही झालं.”

समिती बसली. निराधार झालेल्या फाइलींच्या पुनर्वसनावर गंभीर चर्चा झाली. ‘पुराना’ सन्मानाने परत आणण्यात आले. त्याची छापील प्रत चौकटीत बसवून हार घातला, पोहे-जलेबी वाटली. ऋजुताला इतका संताप आला की तिने जलेबीला हात लावला नाही.

“पण लांबीचं काय?” तिने विचारले.

त्यावरही तोडगा निघाला. कोणाचेच मन दुखू नये म्हणून ‘समन्वय’ नावाचे तिसरे हेडर जन्माला आले. त्यात दोन्ही लांब्यांचा मध्य काढून ठेवला होता. “आता बघा, चालतंय ना? ‘निरोप नीट पोचतात’ म्हणून सही करा, म्हणजे तुमचं कन्फर्मेशन पण होऊन जाईल,” सुधाकरजी म्हणाले.

निरोपात गाव येत होते, गल्ली येत होती. घराचा नंबर तेवढा मावत नव्हता. ऋजुताने पाहिले. घरच्यांना नोकरीची बातमी कधीच सांगून झाली होती. तिने सही केली.

तेव्हा रुग्णवाहिका तुमच्या गल्लीच्या तोंडाशी नुसतीच उभी राहिली, तर ऋजुताला खुशाल शिव्या द्या. फक्त त्याआधी आठवून पाहा, तुमच्या ऑफिसात शेवटचे ‘चालतंय ना, राहू दे’ कोण म्हणाले होते. वेळ भरपूर मिळेल. रुग्णवाहिका अजून घर शोधते आहे.