साळूबाईची सात पाकिटं

बाळांनो, जवळ या. वेफर्स खाल्लेत तरी चालेल, पण पाकीट चुरगाळू नका. मला माझंच बोलणं ऐकू येत नाही.

तर एका जंगलात साळूबाई राहत होती. जातीने साळिंदर. एक बीळ, दोन पिल्लं आणि पाठीवर भरपूर काटे, एवढाच तिचा संसार.

त्या जंगलात भंगार गोळा करायचं काम कावळ्याकडे होतं. बाटल्या, डबे तो आनंदाने न्यायचा. पण वेफर्सची आतून चकाकणारी पाकिटं, शाम्पूच्या पुड्या, टूथपेस्टच्या नळ्या दाखवल्या की मान फिरवायचा. "याला कोणी विचारत नाही, बाई," म्हणायचा. मग सगळे प्राणी ते ओढ्यात टाकायचे. ओढ्यात टाकलेलं दिसत नाही, म्हणजे ते नाहीसं होतं, असं त्यांना लहानपणापासून शिकवलेलं होतं.

साळूबाईला मात्र कळलं होतं, की दोन टेकड्यांपलीकडे सुगरणी राहतात आणि त्या असल्या पाकिटांच्या पट्ट्या करून चटया विणतात. त्यांची अट एकच. माल धुतलेला आणि कोरडा हवा. म्हणून साळूबाई पाकिटं धुवायची, पाठीच्या काट्यांना टोचायची आणि सुकेपर्यंत उन्हात बसून राहायची. महिन्याला सातेक पाकिटं निघत. ती घेऊन ती दोन टेकड्या चढायची, उतरायची.

"वाळत घातलेली मावशी आली," माकडं म्हणायची. ती हसून पुढे जायची.

एकदा ओढा तुंबला. हत्तींनी सोंडेने थोडी वाट केली, पण पाणवठ्यावर पाणी बेताचंच येऊ लागलं. सिंहमहाराजांनी सभा बोलावली. स्वच्छतेचा कारभार तरसरावांकडे होता. ते उठले.

"महाराज, साळूबाईंचा आदर्श घ्यावा. दर घराने महिन्याला टोपलीभर असलं प्लास्टिक जमा करावं. जो टोपली भरेल तो आधी पाणी पिईल. सगळ्यांत जास्त जमा करणाऱ्याचा सत्कार."

टाळ्या झाल्या. साळूबाईला लाजल्यासारखं झालं. घरी येऊन तिने पिल्लांना दोनदा सांगितलं, की महाराजांनी आपलं नाव घेतलं.

आता ओढ्यातलं प्लास्टिक काढायचं तर चिखलात उतरावं लागणार. त्यापेक्षा नवी पाकिटं फोडणं सोपं. "खा रे पोरांनो, जंगलासाठी खा," माकडीण सांगू लागली. अस्वल तर जेवणच सोडून पाकिटांवर आलं.

महिनाअखेरीला साळूबाई प्लास्टिक जमा करायच्या माळावर गेली. तरसरावांनी तिच्याकडे पाहिलं.

"टोपली कुठाय?"

"सातच निघाली, साहेब. आम्ही कंदमुळं खातो."

"तुमच्या नावाने मोहीम चाललीय, साळूबाई. तुम्हीच असं केलंत तर बाकीच्यांनी काय करायचं?"

"पण धुतलेली आहेत."

"धुतलेलं लिहायला आमच्याकडे रकाना नाही," तरसराव म्हणाले आणि त्यांनी ती सात पाकिटं चिकट, ओल्या ढिगावर भिरकावली.

"हे सुगरणींकडे कधी जायचं?"

"ते पुढच्या टप्प्यात."

त्या महिन्यात साळूबाईचा नंबर सगळ्यांच्या शेवटी लागला. तोवर पाणी संपून गाळ उरायचा. दुसऱ्या महिन्यातही तसंच. एके दुपारी धाकट्या पिल्लाने विचारलं, "आई, आपण वाईट आहोत का?"

 तिसऱ्या महिन्यात साळूबाईने घरी पाकिटांच्या माळा आणल्या. पिल्लांनी चार दिवस मजेत खाल्लं, पाचव्या दिवशी दोघांची पोटं बिघडली. उरलेलं तिने मुंग्यांना घातलं. पाकिटं मात्र सगळी धुतली. न धुता तिला जमेना.

तिच्या तीन टोपल्या भरल्या. पहिला नंबर आला.

"बघा, मनात आणलं की होतं," तरसराव म्हणाले. महाराजांनी मानपत्र दिलं. पावसात भिजू नये म्हणून ते दोन्ही बाजूंनी प्लास्टिकमध्ये बंद केलेलं होतं. त्या दिवशी पिल्लं पोटभर पाणी प्यायली.

दुसऱ्या दिवशी साळूबाईने मानपत्र धुतलं, काट्यांवर सुकवलं आणि ते घेऊन दोन टेकड्या ओलांडल्या. थोरल्या सुगरणीने ते चोचीने उलटंसुलटं करून पाहिलं.

"हे नाही घेता येणार गं. कागद आणि प्लास्टिक एकमेकांना चिकटलंय. इतके दिवस आली नाहीस. तुझी पाकिटं कुठायत?"

"जमा केली."

"कुठे?"

साळूबाईने मागे वळून बोट दाखवलं. दोन टेकड्यांच्या मागे आता तिसरी दिसत होती. उन्हात छान चकाकत होती.

तात्पर्य: घरात कचराच होऊ न देणं हा निव्वळ आळस आहे. ज्याला जंगलाची सेवा करायची असेल, त्याने आधी पोट बिघडेपर्यंत खावं.